शंभर शब्दांत खुनी पकडा

मस्कतहून एका आईने लिहिलंय : ‘मुलगी पंधराची, मुलगा तेराचा. जुलै-ऑगस्टची सुट्टी गोव्यात फोंड्याजवळ सासरी काढतो. पावसामुळे समुद्र बंद, वीज सारखी जाते, मुलं दोन दिवसांत वैतागतात. मुलगी हल्ली रहस्यकथा लिहिते, इंग्रजीत, आणि त्यांत माणसं पटापट मरतात. हे थांबवू, की निदान मराठीत लिहायला लावू?’

थांबवू तर नकाच. या वयात मुलांना खुनापेक्षा खोटं बोलणारा माणूस पकडण्यात जास्त रस असतो. मोठ्यांच्या थापा ती लहानपणापासून ऐकत आलेली असतात, त्याचा हा हिशेब समजा. रक्ताचं प्रमाण कमी करायचं असेल तर उपदेश न करता शब्दांची मर्यादा घाला. शंभर शब्द, बस्स. फोनवर फिरणाऱ्या अलक, म्हणजे अति लघुकथा, तुम्ही वाचल्या असतीलच, त्यांच्याहून ही जरा ऐसपैस. प्रेताचं वर्णन करत बसलं तर खुनी पकडायला जागाच उरत नाही, हे मुलांना दुसऱ्या प्रयत्नात आपणहून कळतं. तीन माणसं, एक जागा, एक थाप. ती थाप कुठे उघडी पडते ते आधी ठरवायचं, पहिली ओळ नंतर लिहायची.

आता तुमच्या त्या कंटाळवाण्या पावसाकडे वळू. गोव्यात 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवस मासेमारीबंदी असते. ट्रॉलर समुद्रात जात नाहीत. तुमच्या सासऱ्यांना हे सांगावं लागत नाही, मस्कतच्या मुलांना ठाऊक असायचं कारण नाही. यातून गोष्ट कशी निघते बघा :

‘जुलैचा दुसरा आठवडा. मालीमच्या जेटीवर ट्रॉलर एकमेकांना खेटून, ताडपत्र्या पांघरून उभे होते. इन्स्पेक्टर छत्री मिटून पडवीत आले.

“देवळातली समई गेली त्या रात्री कुठे होतास?”

“समुद्रावर, साहेब. ट्रॉलरवर खलाशी आहे मी. पहाटे परतलो. ही बघा, ताजी सुरमई.”

म्हातारी आई आतून म्हणाली, “साहेबांना चहा देऊ?”

“नको, आजी. याला कपडे बदलायला सांगा, माझ्याबरोबर येतोय.”’

पन्नासेक शब्दांत काम झालं. बंदीचा शब्दसुद्धा नाही. पण ताडपत्र्या पांघरलेले ट्रॉलर पहिल्याच परिच्छेदात आहेत आणि वाचणाऱ्याने ते पावसाळी देखावा म्हणून सोडून दिलेत. खरी कारागिरी त्या ओळीत आहे. ती काढून टाका, मग गोव्याबाहेरच्या वाचकावर अन्याय होतो. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने 1929 साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले, त्यांतला एक हाच : गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकालाही तिथल्या तिथे दिसला पाहिजे. त्याचा आणखी एक नियम मुलांच्या कानावर घाला. आधी चाहूल दिल्याशिवाय शेवटी जुळा भाऊ आणायचा नाही. पंधरा वर्षांच्या लेखकांना जुळे भाऊ फार आवडतात.

असे धागे घरात पडलेले असतात, फक्त विचारावं लागतं. हुर्राक म्हणजे काजूची दारू, काजूच्याच हंगामातली, उन्हाळा सरला की संपते. मग ऑगस्टमध्ये ‘आत्ताच भट्टीवरून ताजा हुर्राक आणला’ म्हणणारे काका कुठून आले? पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर भोंगा वाजवत रोज ठरल्या वेळी येतो. ज्या दिवशी भोंगा ऐकूच आला नाही असं शेजारीण सांगते, त्या दिवशी ती घरात होती का? रायबंदर-चोडण फेरीबोटीतून एकदा मुलांना नेऊन आणा. बोट सुटली की चढलेला माणूस मधेच कुठे जाणार नाही; रहस्यकथेला इतकी सोयीची जागा शोधून सापडायची नाही. आजोबांना ‘गोष्ट सांगा’ म्हटलं तर ते 1961 पासून सुरू करतील. त्याऐवजी मुलीने वहीपेन घेऊन विचारावं, ‘आजोबा, पावसाळ्यात या वाड्यावर काय घडूच शकत नाही?’ उत्तरं ऐकायला तुम्हीही बसा.

भाषेचं म्हणाल तर सक्ती नको. संवाद मराठीत, बाकी जमेल तसं, एवढ्यावर पहिला आठवडा सोडा. टाइप करायला जड जात असेल तर फोनला बोलून सांगू दे. शुद्धलेखन मात्र सुट्टी संपेपर्यंत तपासू नका, तुमचा हात कितीही शिवशिवला तरी.

रात्री वीज गेली की मेणबत्तीपाशी वाचन. शेवटच्या दोन ओळी झाकून ठेवायच्या, प्रत्येकाने चिठ्ठीवर गुन्हेगाराचं नाव लिहायचं. सगळ्यांनी ओळखला तर लेखक हरला, कुणालाच ओळखता आला नाही तरी हरला. निम्म्यांनी ओळखला तर जिंकला. आजीला मात्र शेवटी लिहायला सांगा. मालिका बघून त्यांची नजर इतकी तयार असते की बाकीचे त्यांच्याच चिठ्ठीत डोकावतात.

काळजी कधी करायची? प्रत्येक गोष्टीत तोच खरा वर्गमित्र मरत असेल, किंवा मरणारी मुलगी ती स्वतःच असेल तर. तेव्हा वही जप्त न करता शांतपणे तिच्याजवळ बसून विचारा, आणि उत्तर ऐकून काळजी वाटली तर समुपदेशकाकडे न्यायला लाजू नका.

एरवी एकच पथ्य : खरी नावं नकोत. शिक्षकांचं खरं नाव घातलेली खुनाची गोष्ट शाळेच्या वहीत सापडली, तर परदेशात प्रकरण थेट मुख्याध्यापकांच्या टेबलावर जाऊ शकतं. वाड्यावर तर त्याहून जपा. समई चोरणाऱ्याचं नाव शेजारच्या काकांशी जुळलं, तर पुढच्या चवथीला आरतीला कोण येणार नाही ते आत्ताच सांगते.