वाचकांचे प्रश्न: डायनामो हबचं ओव्हरऑइलिंग घरच्या घरी

पावसाळा सरत आला की या सदराकडे सायकलच्या हबविषयीची पत्रं वाढतात. यंदा त्यांतली बरीचशी पुढच्या चाकातल्या डायनामो हबची, म्हणजे चाक फिरताना दिव्यासाठी वीज तयार करणाऱ्या मधल्या भागाची आहेत. सारख्या तक्रारींची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : माझ्या सायकलला शिमानोचा 6 व्होल्ट, 3 वॅटचा डायनामो हब आहे. बीआरएमसाठी (ठरावीक मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) घेतला होता. चाक काढून एक्सल बोटांनी फिरवला की अडकत अडकत फिरतो. पावसाळ्यानंतर त्यात खरखरही वाटू लागली आहे. बेअरिंग गेलं का? घरी उघडता येईल का? (पुणे)

उत्तर : तुम्ही दोन गोष्टी सांगितल्या आहेत आणि त्या वेगवेगळ्या आहेत. अडकत फिरणं हा दोष नाही. हबच्या कवचात चुंबकांचं कडं असतं आणि एक्सलवर लोखंडी नख्यांमध्ये बसवलेलं कॉइल. प्रत्येक चुंबकीय ध्रुव समोरच्या नखीला ओढून धरतो, म्हणून हाताला टप्पे जाणवतात. हे टप्पे सारख्या अंतरावर आणि सारख्या जोराचे असले की हब ठणठणीत आहे असं समजा. या टप्प्यांना घाबरून चांगले हब उघडले जातात आणि मग खरोखरच बिघडतात.

खरखर मात्र बघायला हवी. एक्सल सावकाश फिरवताना दोन टप्प्यांच्या मधेही वाळू दळल्यासारखं वाटत असेल, तर बेअरिंगच्या छर्ऱ्यांत पाणी गेलंय. फेऱ्यात नेमक्या एकाच जागी घासल्याचा आवाज येत असेल, तर नख्यांवर गंज चढून तो चुंबकाला लागत असावा. या दोहोंमधली फट मिलिमीटरपेक्षाही कमी असते, त्यामुळे गंजाचा एक पापुद्रासुद्धा पुरतो. पाणी शिरण्याचं कारण बहुतेकदा असं असतं: उन्हात हब तापतो, अंगावर सर येते, आतली हवा थंड होऊन आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. भर पावसात घाट चढला-उतरला की हेच होतं. धुलाई केंद्रावरचा प्रेशरचा फवारा हबवर मारला, तर घाटाचीही गरज नाही.

आता उघडण्याविषयी. कनेक्टरच्या बाजूच्या कुठल्याही नटला पाना लावायचा नाही. कॉइलची तार एक्सलच्या खाचेतून, त्याच नटखालून बाहेर येते. नट अर्धा फेर फिरला तरी तार कातरली जाते आणि मग हब म्हणजे नुसता जड हब उरतो. घरी करायचं काम पलीकडच्या बाजूचं. सायकलवर बसल्यावर कनेक्टर उजव्या हाताला येतो, म्हणजे काम डाव्या बाजूला.

लागणारं सामान : कोनला (एक्सलवरचा, छर्ऱ्यांना टेकणारा निमुळता नट) बसेल असा पातळ पाना, चेकनटचा (कोन जागच्या जागी आवळून धरणारा बाहेरचा नट) पाना (मापं मॉडेलप्रमाणे बदलतात, आधी लावून बघा), प्लास्टिकचा किंवा पितळी चिमटा, सुती फडकं, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, पाण्यात न विरघळणारं ग्रीस आणि नवे छर्रे. पुढच्या हबला साधारणपणे 3/16 इंची, म्हणजे 4.76 मिलिमीटरचे छर्रे असतात. तरी जुना एक दुकानात नेऊन मापून घ्या. चिमटा लोखंडी नको, कारण आतला चुंबक चिमटाही ओढतो आणि छर्राही. टेबलावर कानशीची किंवा ड्रिलची भुकटी पडलेली असेल, तर आधी ते साफ करा. ती भुकटी एकदा चुंबकावर बसली की फडक्याने निघत नाही, चिकटपट्टी दाबून उचलावी लागते.

दिव्याचं कनेक्शन सोडवून चाक काढा. क्विक रिलीजची (लिव्हरने आवळायची) सळई काढून चाक आडवं धरा, कनेक्टरची बाजू खाली. खालचं एक्सलचं टोक लाकडाच्या छोट्या ठोकळ्यावर टेकवा, प्लास्टिकच्या कनेक्टरवर भार येऊ देऊ नका. असं ठेवल्याने चाकाच्या वजनाने खालचे छर्रे कोन आणि वाटीमध्ये दाबलेले राहतात, घरंगळत नाहीत.

वरच्या बाजूचं रबरी सील काढा. पातळ पान्याने कोन धरून ठेवा आणि दुसऱ्या पान्याने चेकनट सैल करा. दोन्ही पाने एकाच बाजूला लागले पाहिजेत. चेकनट, वॉशर, कोन ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा. कोन सुटला की एक्सल अचानक एका अंगाला झुकून चिकटल्यासारखा होईल. वरचा आधार गेल्यामुळे चुंबकाने कॉइलचा गट्टू एका बाजूला ओढलेला असतो, मोडलं काही नाही. या अवस्थेत चाक फिरवू नका, नख्या चुंबकाला खरवडतात. हातोडीही लावू नका.

छर्रे मोजून काढा. सुटे आहेत की पिंजऱ्यातले ते लिहून ठेवा. वाटी आणि कोन फडक्याने पुसून उजेडात धरा. छर्ऱ्यांची वाट गुळगुळीत चकचकीत दिसली पाहिजे. बारीक खड्डे दिसले तर कोन बदला. खड्डे वाटीत असतील तर नव्या छर्ऱ्यांनी फार दिवस निभावणार नाही. साफसफाईला रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोल आत ओतायची आपल्याकडे सवय आहे. इथे ती मोडा. द्रव कॉइलपर्यंत उतरतो, तारेच्या इन्सुलेशनला त्याचा भरवसा नाही, शिवाय पलीकडच्या बेअरिंगचं ग्रीसही धुऊन जातं. फडकं अल्कोहोलने ओलसर करून पुसलं की पुरे.

वाटी साधारण अर्धी भरेल इतकंच ग्रीस घाला. जास्त घातलं तर ते आत सरकून फटीत जातं आणि तिथे धूळ धरून ठेवतं. छर्रे बदलताना सगळेच बदला. जुने-नवे मिसळले तर जो किंचित मोठा, त्याच्यावरच सगळा भार येतो. मग एक्सल बोटांनी मधोमध धरून कोन हाताने बसवा. कोन टेकल्याचं जाणवलं की पाव फेर मागे घ्या, पान्याने कोन धरून ठेवा आणि चेकनट गच्च आवळा.

शेवटची जुळणी पहिल्या प्रयत्नात बसेल असं धरून चालू नका. क्विक रिलीजचा एक्सल लिव्हर आवळल्यावर किंचित दाबला जातो. म्हणून चाक हातात असताना अगदी नावापुरतं खेळणं (सैलपणा) ठेवायचं आणि फोर्कमध्ये बसवून लिव्हर आवळल्यावर ते नाहीसं झालं पाहिजे. ब्रेकजवळ रिम धरून आडवी हलवून बघा: टकटक झाली तर कोन थोडा आत, चाक जड झालं तर थोडा बाहेर. नटवाल्या एक्सलला मात्र सुरुवातीपासूनच खेळणं नको.

हे करूनही खरखर राहिली, तर दोष कनेक्टरच्या बाजूच्या बेअरिंगमध्ये आहे. तिथे पोहोचायला आतला पूर्ण गट्टू बाहेर काढावा लागतो आणि त्याला खास हत्यार लागतं. शिमानोच्या बऱ्याच मॉडेलांना हा गट्टू एक्सलसकट तयार मिळतो, चाकाच्या तारा (स्पोक) न सोडता तो बदलता येतो. 600 किलोमीटरच्या बीआरएमला 40 तासांची मुदत असते, म्हणजे एक अख्खी रात्र तरी त्या दिव्यावर काढायची आहे. शंका असेल तर राइडच्या आधी गट्टू बदलून घेतलेला बरा.

प्रश्न : दिवा मधेच जातो, खड्ड्यात आपटलं की येतो. सायकलवाला म्हणतो हबचं कॉइल जळलं. (चिपळूण)

उत्तर : खड्ड्यात आपटल्यावर दिवा परत येतो, तर कॉइल जळलेलं नाही. जळलेलं कॉइल आपटून जुळत नाही. “डायनामो गेला” म्हणून आलेल्या हबांपैकी बहुतेकांत हब शाबूत असतो आणि बिघाड कनेक्टरमध्ये, नाहीतर मडगार्डखालच्या वायरमध्ये निघतो. तुमच्याकडच्या दमट हवेत तर आधी तिथेच बघायचं.

मल्टिमीटर एसी 20 व्होल्टवर ठेवा, कनेक्टर काढा, दोन्ही पिनांना टोकं लावून चाक हाताने जोरात फिरवा. काही व्होल्ट दिसले की हब निर्दोष सुटला. मग रेझिस्टन्स मोजा: कॉइल काही ओहमच दाखवतं. मीटर काहीच दाखवत नसेल तरच आत तार तुटली असं म्हणता येईल. शिमानोच्या हबमध्ये एक पिन एक्सलला जोडलेली असते, त्यामुळे पिन आणि एक्सल यांच्यात जोड दिसला तर तो दोष समजू नका.

कनेक्टरची प्लास्टिकची टोपी उघडा. वायरचा एखादा सुटा केस दुसऱ्या वायरला शिवत असेल तर शॉर्ट होऊन दिवा जातो. हबला त्याने अपाय होत नाही. हिरवा थर चढला असेल तर पिना खोडरबरने घासा, वायरचं काळं पडलेलं टोक कापून नवं सोला, केस घट्ट पिळून बसवा आणि वरून व्हॅसलीनचं बोट फिरवा. कनेक्टरचं तोंड वर राहील असं चाक बसवा. नटवाला एक्सल असेल तर दातेरी वॉशर फोर्कच्या खाचेत नीट बसलाय ना ते बघा. तो नसला की एक्सल फोर्कमध्ये फिरतो आणि वायर उपटून काढतो.

एक सावधगिरी : दिवा न जोडता चाक वेगात फिरत असताना उघड्या पिनांना हात लावू नका. भार नसला की व्होल्टेज 6 च्या कितीतरी वर जातं.

प्रश्न : वडिलांची जुनी रॅले सायकल आहे. पुढच्या चाकाचा हब पेटीसारखा रुंद, त्यावर स्टर्मी-आर्चर आणि जीएच6 कोरलेलं आहे. दिवा मिणमिणतो. हब पूर्ण उघडून साफ करावा म्हणतो. (बेळगाव)

उत्तर : पूर्ण उघडू नका. आधी हे वाचा.

नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चरने डायनोहब 1930च्या दशकापासून 1984 पर्यंत बनवला. जीएच6 म्हणजे 6 व्होल्ट, सुमारे 2 वॅट. कवचावर बहुधा बनावटीचं सालही ठोकलेलं सापडेल. यात 20 ध्रुवांचं चुंबकाचं कडं आहे आणि त्याच्या पोटात आर्मेचर, म्हणजे कॉइल गुंडाळलेला लोखंडी गाभा. या जुन्या जातीच्या चुंबकाची ताकद त्याच्या पोटात लोखंड असेपर्यंतच टिकते. आर्मेचर बाहेर ओढला की चुंबक त्याच क्षणी स्वतःच्याच क्षेत्राने दुबळा होतो. आर्मेचर परत आत घातल्याने ताकद परत येत नाही. त्यासाठी नव्याने चुंबकीकरण करावं लागतं आणि त्याची सोय सहज मिळत नाही. कारखान्यात आणि जुन्या दुकानांत आर्मेचरच्या मापाचं मऊ लोखंडाचं कडं ठेवत. आर्मेचर जसजसा बाहेर सरके तसतसं ते कडं मागोमाग, फट न ठेवता, आत ढकलत. ते कडं हाती नसेल तर दोन्ही वेगळे करण्याचा विचार सोडा.

छर्ऱ्यांसाठी वेगळं करावंही लागत नाही. चुंबकाचं कडं कवचाला चार स्क्रूंनी धरलेलं असतं. डायनामोच्या विरुद्ध बाजूचा चेकनट आणि कोन काढा, चार स्क्रू सोडवा आणि एक्सल, आर्मेचर, चुंबक असा तिघांचा जथा एकत्र बाहेर घ्या. जथा हातात असताना चुंबकाचं कडं आणि आर्मेचर दोन्ही एकदम धरलेले हवेत. बाहेर आल्यावर सुतळीने किंवा चिकटपट्टीने बांधून टाका, म्हणजे दुसऱ्या कोणी कुतूहलाने हात घातला तरी सुटणार नाही. मग कप, छर्रे, ग्रीस हे सगळं नेहमीसारखं. जोडताना जुळणी विरुद्ध बाजूच्या कोननेच करा.

मिणमिणण्याचं कारण मात्र हबमध्ये असेलच असं नाही. टर्मिनलच्या चकत्या घासून घ्या आणि पुढचा बल्ब तपासा. या हबला 6 व्होल्ट, 0.25 अँपियरचा बल्ब लागतो. कोणीतरी जास्त वॅटचा घातला असेल तर तो पुरता पेटणारच नाही. चुंबक आधीच कधीतरी उघडला जाऊन दुबळा झाला असेल, तर डायनामोसाठीचा एलईडी दिवा लावा. कमी करंटवरही तो चांगला उजेड देतो, आणि वडिलांचा हब कामात राहील.

प्रश्न : मागचा बल्ब गेला की दोन दिवसांत पुढचाही जातो. (सोलापूर)

उत्तर : हब डायनामो भार कितीही असला तरी जवळपास ठरावीक करंट ढकलतो, 3 वॅटचा असेल तर सुमारे अर्धा अँपियर. पुढचा 2.4 वॅटचा बल्ब 0.4 आणि मागचा 0.6 वॅटचा 0.1 असा वाटा घेतात. मागचा गेला की त्याचा वाटाही पुढच्यावर येतो आणि उताराला तो उडतो. म्हणून मागचा बल्ब बदलण्याआधी त्याची वायर आणि होल्डरमधलं अर्थिंग तपासा, बहुधा सुरुवात तिथूनच होते. मागे बल्ब नकोच असेल तर पुढे 6 व्होल्ट, 3 वॅटचा लावा.

प्रश्न : सायकल हातात धरून चालवली की एलईडी फडफडतो. (नाशिक)

उत्तर : फडफडायलाच हवा. 28 ध्रुवांचा हब फेऱ्याला 14 आवर्तनं देतो. चालण्याच्या वेगाला, म्हणजे ताशी 5 किलोमीटरला, मोठ्या चाकाचा सेकंदाला पाऊण फेरही होत नाही, त्यामुळे प्रकाशाची लकलक डोळ्याला दिसते. वेग घेतल्यावरही राहिली तर कनेक्शन सैल आहे.

प्रश्न : माझा हब श्मिटचा सॉन आहे. त्यालाही छर्रे बदलावेत का? (स्टुटगार्ट)

उत्तर : नाही. त्यात सुटे छर्रे नसतात, सीलबंद बेअरिंग दाबून बसवलेली असतात आणि दाब तसूभर तिरका गेला तरी नख्या चुंबकाला लागतात. खरखर किंवा खेळणं जाणवलं तर हब कंपनीकडेच पाठवा. ट्यूबिंगेन तुमच्यापासून दूर नाही. पाठवण्याआधी चाकाचे स्पोक कोणत्या क्रमाने ओवलेत त्याचा फोटो काढून ठेवा, नुसता हब पाठवणार असाल तर तो परत विणताना लागेल.