गोल्फ: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ग्रीनपासून (झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतापासून) दहा-पंधरा पावलांवरून चिप (बॉल थोडा उडवून पुढे घरंगळू देणारा छोटा फटका) मारताना कधी क्लब बॉलच्या मागे मातीत रुततो, तर कधी बॉलच्या पोटात बसतो आणि बॉल थेट ग्रीनपलीकडे जातो. क्लब ५६ अंशांचा सँड वेज (खूप तिरक्या तोंडाचा). नेमकं काय चुकतंय? (एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर: चुका दोन दिसल्या तरी मूळ बहुधा एकच असतं. बॉल उचलायच्या नादात अंगाचा भार उजव्या पायावर जातो आणि क्लब बॉलच्या आधीच तळाला पोचतो. मग तो तिथेच रुततो, नाहीतर वर येता येता बॉलच्या पोटाला लागतो. बॉल उचलायला ५६ अंशांचा लॉफ्ट (क्लबच्या तोंडाचा तिरकेपणा) आहेच, तुम्ही उचलू नका.

दोन पायांत वीतभर अंतर ठेवा आणि बॉल मधोमध. उजव्या हाताने खेळत असाल तर साठ-सत्तर टक्के भार डाव्या पायावर घ्या आणि फटका संपेपर्यंत तिथेच राहू द्या. हात बॉलच्या किंचित पुढे हवेत, किंचितच! फार पुढे नेलेत तर क्लबची पुढची धार कुदळीसारखी जमिनीत घुसते.

पावसाळ्यात आपल्याकडची काळी माती भिजून मऊ होते, तेव्हा हे जास्तच जाणवतं. वेजचा बाउन्स (क्लबचा तळ पुढच्या धारेपेक्षा किती खाली झुकलेला आहे तो कोन) किती आहे ते पाहा, बऱ्याच वेजच्या तळावर आकडा कोरलेला असतो. मऊ जमिनीवर १२-१४ अंश उपयोगी, ४-६ अंशांचा वेज पटकन रुततो. उन्हाळ्यात कडक जमिनीवर मात्र कमी बाउन्स बरा.

सरावाला गवतावर रांगोळीची रेघ ओढा, फटक्याच्या दिशेला काटकोनात. रेघ दोन पायांच्या मधोमध येईल असे उभे राहा आणि बॉल न ठेवता वीस स्विंग करा. गवत रेघेवर किंवा तिच्या पुढे घासलं पाहिजे. मागे घासलं, तर भार अजून उजवीकडेच आहे.

प्रश्न: प्रत्येक चिप सँड वेजनेच मारावी का?

उत्तर: नाही. ढोबळ हिशेब असा: सँड वेजने बॉल जेवढा हवेत जातो जवळपास तेवढाच घरंगळतो, पिचिंग वेजने (जरा कमी तिरक्या क्लबने) दुप्पट, आठ नंबरच्या आयर्नने (त्याहून उभ्या तोंडाच्या क्लबने) सुमारे चौपट. झेंडा १२ पावलांवर आणि ग्रीनची कड ३ पावलांवर असेल, तर पिचिंग वेज घ्या, बॉल चौथ्या पावलावर टाका, उरलेली आठ पावलं तो घरंगळेल. ग्रीन ओलं असेल तर पाऊलभर पुढे टाका.