एक दुकान तोट्यात आहे, कंपनीला सांगू का?

फ्रँचायझीवर, म्हणजे कंपनीशी करार करून तिच्या नावाने, एकाच ब्रँडची दोन-चार दुकानं चालवणाऱ्यांची पत्रं या महिन्यात इतकी आली, की उत्तरं इथेच देतो. करारनामा एकानेही जोडलेला नाही. तेव्हा तुमचा कागद कोणी जाणकार वाचेपर्यंत माझं प्रत्येक उत्तर अर्धवट समजा.

प्रश्न : आइस्क्रीम पार्लरची दोन दुकानं आहेत. तिसऱ्याला जुनाच करार चालेल ना? (सांगली)

सहसा नाही. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवानाही जागेगणिक वेगळा लागतो.

प्रश्न : एरिया मॅनेजर म्हणाले होते, "तुमच्या भागात दुसऱ्या कोणाला देणार नाही." आता दीड किलोमीटरवर नवं दुकान येतंय. (नाशिक)

कुठे म्हणाले? चहा पिताना की ईमेलमध्ये? साहेबांची बदली झाली की त्यांचा शब्दही त्यांच्याबरोबर जातो. शिवाय 'या कागदाबाहेरचं बोलणं बंधनकारक नाही' असं कलम बऱ्याच करारांत असतं. तरी व्हॉट्सॲपवरचे जुने मेसेज पुसू नका. कबूल केलेली हद्द फक्त दुकानाची आहे की डिलिव्हरी ॲपवरच्या ऑर्डरींचीही, तेही तपासा. यापुढे प्रत्येक बैठकीनंतर त्याच संध्याकाळी 'आज असं ठरलं' एवढ्या चार ओळींचा ईमेल टाकत चला. आणि वकिलाकडे आत्ताच जा, समोरच्या उद्घाटनाचे पेढे खाऊन झाल्यावर नको.

प्रश्न : चार दुकानं आहेत. एक आठ महिने तोट्यात. बाकी तीन दुकानांच्या गल्ल्यातून त्याचं भाडं-पगार भागवतो. त्याची दोन महिन्यांची रॉयल्टी (ब्रँड वापरण्याबद्दल कंपनीला द्यायची रक्कम) थकली आहे. कंपनीला कळलं तर पाचवं दुकान मिळणार नाही, असं मित्र म्हणतात. (कोल्हापूर)

मित्रांनी तुमचा करार वाचलाय का? अनेक दुकानांच्या करारांत एक कलम हमखास असतं : एका दुकानात कसूर झाली की ती सगळ्याच करारांतली कसूर धरली जाईल. ते तुमच्यात असेल, तर पाचवं राहू द्या, चालणारी तीनही धोक्यात आहेत.

आणि लपवताय कोणापासून? बिलिंगचं सॉफ्टवेअर बहुधा कंपनीचंच असतं. घसरलेली विक्री तिकडे रोज दिसते. दिसत नाही ते कारण. रस्ता खणून ठेवलाय, मालकाने भाडं वाढवलं, की चांगला मॅनेजर सोडून गेला? तुम्ही गप्प राहिलात की आकडे लपवताय असाच अर्थ निघतो आणि मदतीऐवजी ऑडिट येतं. दुसऱ्याच महिन्यात सांगितलं असतं तर जागा बदलणं, रॉयल्टीत काही काळ सूट, मेनू छोटा करणं, यावर बोलता आलं असतं. आठ महिन्यांनी तीच मागणी सबब वाटते.

मोठ्यांचंही वेगळं नाही. मॅकडॉनल्ड्स भारतात १९९६ मध्ये आलं, ते उत्तरेत विक्रम बक्षी यांच्याबरोबर आणि पश्चिमेत अमित जटिया यांच्याबरोबर. २०१३ मध्ये बक्षींना दोघांच्या संयुक्त कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकपदावरून हटवलं आणि पुढचं बोलणं वकिलांमार्फत सुरू झालं. २०१७ च्या जूनमध्ये परवान्यांची मुदत उलटल्याने दिल्लीतली ४३ दुकानं बंद पडली. ऑगस्टमध्ये मॅकडॉनल्ड्सने बक्षींकडच्या १६९ दुकानांचा करारच मोडला. २०१९ मध्ये बक्षींचा हिस्सा विकत घेतल्यावर प्रकरण मिटलं. चूक कोणाची, यात मी पडत नाही. पण भांडण मालकांचं असताना कुलपं लागली ती दुकानांना. पश्चिमेत तोच बर्गर या काळात सुरळीत विकला जात होता.

या आठवड्यात आठ महिन्यांची विक्री, भाडं, पगार एका पानावर मांडा. खाली नेमक्या दोनच मागण्या लिहा. पाठवण्याआधी ते पान वकिलाला दाखवा, कारण थकबाकीची लेखी कबुली कशा शब्दांत द्यायची हे तुम्ही-आम्ही ठरवू नये. दुकानं वेगवेगळ्या भागीदारीत असतील तर एका गल्ल्यातले पैसे दुसरीकडे वळवणं आजच थांबवा आणि सीएला गाठा.

प्रश्न : 'भारतीय फ्रँचायझी कायद्यानुसार' कंपनीने चालू दुकानांचे आकडे द्यावेच लागतात, असं एजंट म्हणतो. कलम कोणतं? (ठाणे)

असा स्वतंत्र कायदाच आपल्याकडे नाही. मुख्य आधार १८७२ च्या करार कायद्याचा. अमेरिकेत सही करण्याच्या किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी कंपनीला फ्रँचायझी घेणाऱ्याला माहितीपत्र द्यावं लागतं; एजंटने तिथलंच काहीतरी उचललं असावं. आकडे जरूर मागा. टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच आहे. दुकान चालवणाऱ्यांना स्वतः जाऊन भेटा, पण त्याआधी ज्यांनी बंद केलं त्यांना. एजंटला कमिशन कोण देतं, हेही एकदा विचाराच.

प्रश्न : आम्हा फ्रँचायझीवाल्यांचा वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप असला तर चालेल का? (पुणे)

चालेल. मात्र तिथला स्क्रीनशॉट दुपारपर्यंत हेड ऑफिसात पोचतो, हे धरूनच लिहा.

प्रश्न : करार संपल्यावर त्याच जागेत स्वतःच्या नावाने तसाच धंदा करता येईल? (छत्रपती संभाजीनगर)

करार चालू असताना स्पर्धा न करण्याची अट टिकू शकते. गुजरात बॉटलिंग आणि कोका-कोलाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये तसं मान्य केलं आहे. मुदत संपल्यावर मात्र करार कायद्याच्या कलम २७ पुढे अशी बंदी सहसा टिकत नाही. पण नाव, सजावट, पाककृती त्यांच्या. भाडेकरार कंपनीच्या नावावर असेल तर जागाही गेली. आधी वकील गाठा, मग पाटी रंगवणारा.