न्यूझीलंडला नवरा-बायकोने स्वतः गाडी चालवत फिरावं की ग्रुप टूरने जावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही दोघं पन्नाशीतले आहात, रोज चालता, हातात पंधरा दिवस आहेत आणि दक्षिण बेटावरच्या चालण्याच्या वाटा करायच्या आहेत. पुढे विचारलंय, "नवऱ्याला एकट्याला एवढं ड्रायव्हिंग झेपेल का?" या शेवटच्या ओळीमुळे मी उत्तर लिहायला बसले. एकट्याला का म्हणून? तुम्हाला गाडी येते, असं तुम्हीच वर लिहिलंय. मग अर्धा रस्ता तुम्ही चालवा. मी चालवला आहे.

आमच्याकडे हा वाद गौरीजेवणाच्या पंगतीत झाला होता. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी सगळे जमले होते. धाकटे दीर नुकतेच टूरने न्यूझीलंड करून आले होते, त्यामुळे शब्द त्यांचाच चालत होता. "वहिनी, तिथे जाऊन दादाला ड्रायव्हर करणार का? आणि डोंगरच चढायचा तर आपला इथला पावागड काय वाईट आहे?" सगळे हसले. बडोद्यात मी वर्षानुवर्षं गाडी चालवते आहे. मांडवीच्या गर्दीतून आणि पावसाळ्यात पाणी भरलेल्या अलकापुरीच्या गरनाळ्याच्या, म्हणजे रेल्वेखालच्या रस्त्याच्या, अलीकडून वळवून घरी आणली आहे. पण परदेश म्हटल्यावर मीही स्टिअरिंगला बसू शकते, हे त्या पंगतीत कुणाच्या मनातही आलं नाही. ते मला अजून लागतं.

दीर माउंट कुकला जाऊन आले होते, म्हणजे बस गावात थांबली, फोटो झाले, चहा झाला आणि बस निघाली. ३,७२४ मीटरचा आओराकी, म्हणजेच माउंट कुक, त्या देशातला सर्वांत उंच डोंगर. १९४८ मध्ये त्याच्या दक्षिण धारेवरून पहिल्यांदा चढलेल्या तुकडीत एडमंड हिलरी होते. अशा डोंगराच्या पायथ्याशी जाऊन पार्किंगमधून परत फिरायचं? टूरवर माझा राग एवढ्यासाठीच आहे. त्या देशात गाडी ही वाटेच्या तोंडाशी पोचण्यापुरती असते. खरा देश पुढे पायी सुरू होतो, आणि बसचं वेळापत्रक तुम्हाला तिथवर जाऊच देत नाही.

माउंट कुकच्या पायथ्याची हूकर व्हॅलीची वाट जाऊन-येऊन १० किलोमीटर, तीनेक तासांची. चढ नावापुरताच. वाटेत तीन झुलते पूल, खाली हिमनदीचं करडं, दुधाळ पाणी. पुलावर वारा असा येतो की दोन्ही हातांनी तारा धरून चालावं लागतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला कडेला मोठी पांढरी फुलं असतात, माउंट कुक लिली नावाची. पानं बशीएवढी, गोल, पावसाचं पाणी धरून ठेवणारी. वाट संपते ती हिमनदीच्या तळ्यापाशी, आणि तळ्यात बर्फाचे मोठमोठे तुकडे तरंगत असतात. एक लहान तुकडा काठाला लागला होता. मी तो उचलला, तर काचेसारखा स्वच्छ आणि आत वाळूचे करडे कण अडकलेले. हिमनदी खडकावरून घासत येते तेव्हा खडकाचं पीठ होतं. ते पाण्यात तरंगत राहतं, म्हणून टेकापो आणि पुकाकी ही तळी दुधाळ निळ्या रंगाची दिसतात. टेकापोच्या काठावर उभं राहून हे कुणी सांगितलं असतं तर मी ऐकून विसरले असते. ते कण बोटाला लागले तेव्हा कळलं.

आणि पावागडचं म्हणाल, तर आमची सगळी तयारी तिथेच झाली. सकाळी लवकर पायथ्याच्या चांपानेरहून चालत माचीपर्यंत आणि तिथून रोपवे न घेता पायऱ्यांनी वर. हे नेमाने केलं की दक्षिण बेटावरच्या बहुतेक अर्ध्या दिवसाच्या वाटा जमतात. उतरताना गुडघ्यांचा कस लागतो, तोही इथेच कळतो. पावागडची लाल माती मात्र बुटाच्या तळाशी ठेवून जाऊ नका. न्यूझीलंडच्या विमानतळावर फॉर्ममध्ये वापरलेले बूट लिहावे लागतात. मी घरी जुन्या टूथब्रशने खाचा न् खाचा घासल्या होत्या. तिथल्या बाईंनी बूट उलटे करून पाहिले आणि लगेच परत दिले. खाण्याचं जे काही न्याल, खाकऱ्यापासून मसाल्यापर्यंत, ते सगळं लिहा. न लिहिलेलं सापडलं तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. तूप, दूध, मध असलेलं काही नेऊच नका.

आता ड्रायव्हिंग. तिथे गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे निम्मी धास्ती इथेच संपते. गावात ५०, मोकळ्या रस्त्यावर १०० ची मर्यादा. पण घाटवळणांवर १०० गाठायला जाऊ नका. खरी सवय करावी लागते ती एकेरी पुलांची. गोल पाटीवर तुमच्या बाजूचा बाण लहान आणि लाल असेल तर तुम्ही थांबायचं. निळ्या चौकोनी पाटीवर तुमचा बाण मोठा पांढरा असेल तर आधी तुम्ही, तरीही समोर बघूनच.

पश्चिम किनाऱ्यावरचा हास्ट नदीवरचा पूल ७३२ मीटर लांब आणि एकेरी आहे. मध्ये बाजूला घ्यायला जागा केलेल्या आहेत. आम्ही पोचलो तेव्हा पाऊस होता आणि गाडी माझ्या हातात होती. मध्यावर गेल्यावर समोरून मोठी कॅम्परव्हॅन येताना दिसली. मी बाजूच्या जागेत गाडी घेतली, दिवे लावून थांबले. ती व्हॅन शेजारून गेली, चालवणाऱ्या आजोबांनी हात केला. नवरा शेजारी होता, एक शब्द बोलला नाही, ब्रेकसाठी पायही दाबला नाही. पलीकडे गेल्यावर म्हणाला, "आता फॉक्स गावापर्यंत तूच ने." दिरांना मी हे घरी येऊन सांगितलं. त्यांनी लगेच विषय बदलला. पण तुम्हाला सांगते, भाड्याच्या गाडीच्या करारावर दोघांची नावं पहिल्या दिवशीच घाला. नाव नसेल आणि तुम्ही चालवताना काही झालं, तर विमा मिळत नाही. लायसन्सचं स्मार्टकार्ड इंग्रजीत असलं तरी आरटीओकडून इंटरनॅशनल परमिटही काढून ठेवा.

वाटा निवडताना माझं मत स्पष्ट आहे: वानाकाजवळच्या रॉइज पीक या डोंगरावर जाऊ नका. १६ किलोमीटर, सावली नाही, नुसता चढ, आणि वर फोटोसाठी रांग. त्या दिवशी पाय मोडून घेतले की पुढचे दोन दिवस वाया. त्याऐवजी फॉक्सजवळच्या मॅथेसन तळ्याभोवती पहाटे फिरा. वारा नसेल तर आओराकी पाण्यात उलटा दिसतो. आणि मिलफर्ड साउंड या खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा 'की समिट' नावाचा माथा चुकवू नका. डिव्हाइड नावाच्या खिंडीपाशी गाडी लावायची, राउटबर्न वाटेने शेवाळलेल्या झाडीतून वर चढायचं. तीन तासांत जाऊन-येऊन होतं. माथा ९१८ मीटरवर आहे, पण गाडी लावता तीच जागा ५३२ मीटरवर असल्यामुळे चढाई चारशे मीटरच्याही आत. वर दलदलीतली छोटी छोटी डबकी, त्यांच्यावरून लाकडी फळ्यांची वाट, आणि चारी बाजूंना बर्फाचे डोंगर. पुढे १.२ किलोमीटरच्या होमर बोगद्यापाशी थांबलात तर किया पोपट गाडीच्या दाराचं रबर ओरबाडतात, त्यांना खायला देऊ नका. पेट्रोल 'ते आनाऊ' या गावातच भरा, पुढच्या सव्वाशे किलोमीटरांत भरवसा धरू नका.

काही गोष्टी राहिल्या. आम्ही गेलो तेव्हा हूकरची वाट पूर्ण खुली होती. २०२५ मध्ये दुसऱ्या पुलाच्या कामासाठी तिचा पुढचा भाग बंद केला होता, म्हणून निघण्याआधी त्यांच्या निसर्गसंवर्धन खात्याच्या साइटवर बघा. मिलफर्डला वर्षाला सहा-सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे एकच दिवस ठेवून तो फुकट गेला म्हणून रडू नका, हाताशी एक दिवस जास्त ठेवा. ज्यांना गाडी येत नाही किंवा सोबत वयस्कर मंडळी आहेत, त्यांच्यासाठी टूर ठीक आहे. माझ्या सासूबाईंना मी टूरनेच पाठवलं असतं.

पंधरा दिवस फक्त दक्षिण बेटाला द्या, उत्तर बेट त्यात कोंबू नका. क्राइस्टचर्चला उतरा, टेकापो, माउंट कुक, वानाका, ते आनाऊ, मग उलटं वर येऊन हास्ट, फॉक्स आणि आर्थर्स पासवरून परत क्राइस्टचर्च. माउंट कुकला दोन रात्री कमीत कमी. आणि हास्टच्या पुलावर गाडी तुम्ही घ्या.