आधी प्रोटॉन ओळखायला शीक

टिळकवाडी, बेळगाव

चि. मुली, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. डार्क मॅटरवर, म्हणजे न दिसणाऱ्या पण गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या पदार्थावर, काम करायचं म्हणतेस, फार बरं वाटलं. पण पत्रभर डार्क मॅटरच आहे, प्रोटॉनचं नाव एकदाही नाही. म्हणून लिहायला बसलो.

एएमएस-02 हा अवकाशातून येणारे कण टिपणारा डिटेक्टर मे 2011 मध्ये अंतराळ स्थानकावर बसवला. इतक्या वर का? आपल्या डोक्यावर हवेचं पांघरूण आहे. बाहेरून आलेला मूळ कण तिथेच फुटतो, जमिनीवर पोचतात ती त्याची पिल्लं. वरती कण जसा आला तसा हाती लागतो. चुंबक त्याची वाट वाकवतो, धन विद्युतभाराचा एका बाजूला, ऋण भाराचा दुसऱ्या.

डार्क मॅटरचे कण एकमेकांवर आदळून नष्ट होत असतील तर त्यातून पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनची धन भाराची जुळी भावंडं, निघावेत, असा एक अंदाज. पण पॉझिट्रॉन धन आणि प्रोटॉनही धन. दोघं एकाच बाजूला वळतात, आणि एका पॉझिट्रॉनमागे प्रोटॉन हजारोंनी. आजीला तांदूळ निवडताना पाहिलंयस ना? काळा खडा कुणीही उचलतो. पांढरा खडा डोळ्याला दिसत नाही, तो बोटाला लागतो. एएमएसला अशी दोन बोटं आहेत. एका थरातून जाताना हलका पॉझिट्रॉन क्ष-किरण सोडतो, जड प्रोटॉन सोडत नाही. खाली शिसं आणि तंतूंचा ठोकळा आहे. त्यात पॉझिट्रॉनचा फवारा एका ठरावीक आकाराचा उठतो, प्रोटॉनचा पसारा वेगळा. दोन्हींची साक्ष जुळली तरच तो पॉझिट्रॉन.

एवढं पाखडूनही 2013 पासूनच्या आकड्यांत जास्त ऊर्जेचे पॉझिट्रॉन अपेक्षेपेक्षा जास्तच भरले. सुमारे 300 जीईव्हीच्या (कणाची ऊर्जा मोजायचं एकक) पुढे ते घसरतात. पण जवळचे पल्सार, म्हणजे गरगर फिरणारे मृत ताऱ्यांचे गाभे, हेही पॉझिट्रॉन फेकू शकतात. माझं मन पल्सारकडे झुकतं. तुझं दुसरीकडे झुकलं तरी चालेल, पण निवडणं आधी आलं पाहिजे.

एमएस्सीला माझ्या गायगर काउंटरवर, म्हणजे किरणोत्सार मोजायच्या यंत्रावर, रोज संध्याकाळी मोजणी वाढायची. आठ दिवस झोप नव्हती. शेवटी कळलं, शेतातले पंप बंद झाले की व्होल्टेज चढायचं आणि मोजणी उगाच फुगायची. ती वही अजून जपून ठेवलीय.

इथे राहून काय होणार, असं विचारतेस. 1965 मध्ये आपल्याच राज्यात, कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर, वातावरणातले न्यूट्रिनो, म्हणजे कशातूनही जवळजवळ न अडता आरपार जाणारे कण, टिपले गेले.

आता हातांच्या कामाचं. एएमएस थंड ठेवणारे पंप बिघडत गेले, आणि अंतराळात ते दुरुस्त करायची सोयच ठेवलेली नव्हती. नोव्हेंबर 2019 ते जानेवारी 2020 मध्ये लुका पार्मितानो आणि अँड्र्यू मॉर्गन हे अंतराळवीर चार वेळा बाहेर पडले, पोलादी नळ्या कापल्या, नवे पंप जोडले. आठ नळ्यांपैकी एकीचा जोड गळायला लागला. आवळला, तासभर थांबले, तरी गळतंच. पुन्हा आवळला तेव्हा थांबलं. आपल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला कुठलाही फिटर हे ऐकून मान डोलावेल.

तिथल्या एका कारखानदाराशी मी बोलून ठेवलंय. उन्हाळी सुट्टी लागली की खानापूरहून सकाळची गाडी धर, नऊला पोच. पंधरा दिवस नुसते जोड आवळायला आणि गळती शोधायला शीक. दुपारचा डबा आमच्याकडे.

तुझे,
सर