वाचकांचे प्रश्न : आधी कायदा, मग रायफल

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे असतो. तेथे तो नेमबाजीच्या मैदानावर नियमित जातो आणि आता त्याला स्वतःची सेमी-ऑटोमॅटिक रायफल घ्यायची आहे. मित्र एआर-१५ सुचवतात, पण त्या राज्याचे कायदे फार कडक असल्याचे ऐकून आम्ही घरची माणसे धास्तावलो आहोत. त्याने कोणती रायफल निवडावी? पुढे परतताना ती मुंबईला आणता येईल का? — एक वाचक, विलेपार्ले (पूर्व)

उत्तर : रायफलीच्या आधी मुलाच्या व्हिसाची चौकशी करावी. तो एच-वन-बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असेल, तर अमेरिकेच्या संघीय कायद्याप्रमाणे त्याला बंदूक विकत घेणे तर सोडाच, जवळ बाळगणेही सर्वसाधारणपणे गुन्हा ठरते. शिकारीचा वैध परवाना असणाऱ्यांसाठी त्यात एक अपवाद आहे. मात्र त्या अपवादाचा आधार घेण्यापूर्वी तेथील वकिलाचा सल्ला घ्यावा, कारण येथे झालेली चूक पुढे ग्रीन कार्डाच्या आड येऊ शकते. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण राहत नाही, आणि पुढील उत्तर ते आहे असे धरूनच लिहिले आहे.

सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते आणि पुढचे काडतूस आपोआप नळीत भरले जाते. चाप दाबून धरल्याने गोळ्यांचा वर्षाव होत नाही. अशा रायफलींवर कॅलिफोर्नियाने सरसकट बंदी घातलेली नाही. स्टॉक्टन येथील शाळेत झालेल्या गोळीबारानंतर १९८९ मध्ये त्या राज्याने पहिला निर्बंध घातला, तो मुख्यतः ठरावीक नावांच्या बंदुकांवर होता. उत्पादकांनी नावे बदलून तशाच बंदुका बाजारात आणल्या, तेव्हा २००० पासून नावाऐवजी बंदुकीच्या रचनेवर बोट ठेवण्यात आले. आज रायफल सेमी-ऑटोमॅटिक असेल, सेंटरफायर काडतुसाची (ज्याच्या बुडाच्या मधोमध आघात होऊन गोळी सुटते) असेल, तिचे मॅगझिन, म्हणजे काडतुसे ठेवण्याची पेटी, सहज काढता येत असेल आणि तिला खाली उतरणारी पिस्तुलासारखी मूठ, अंगठ्यासाठी भोक असलेला, दुमडणारा किंवा मागेपुढे सरकणारा दस्ता, नळीच्या टोकाला ज्वाला दडवणारे उपकरण किंवा पुढच्या हाताची वेगळी मूठ यांपैकी एखादी गोष्ट असेल, तर ती निषिद्ध वर्गात मोडते. दहापेक्षा अधिक काडतुसांचे मॅगझिनही तेथे विकत घेता येत नाही. एआर-१५ नेहमीच्या रूपात या चाळणीतून सुटत नाही. त्या राज्यापुरते केलेले तिचे बदललेले प्रकार मिळतात, परंतु एखादा सुटा भाग बदलला की तीच रायफल बेकायदेशीर होते, म्हणून नवख्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलाचा हेतू मैदानावरील सरावाचा असल्यामुळे त्याने पॉइंट २२ (म्हणजे ०.२२ इंची) रिमफायर काडतुसाची (ज्याच्या बुडाच्या कडेवर आघात होऊन गोळी सुटते) सेमी-ऑटोमॅटिक रायफल घ्यावी. वर सांगितलेली अवयवांची अट सेंटरफायर रायफलींना लागू आहे, रिमफायरला नाही. शिवाय काडतूस स्वस्त, धक्का नगण्य आणि आवाज कमी असल्यामुळे चाप ओढण्याची शिस्त हिच्यावर उत्तम बसते. १९६४ पासून निघणारी रुगर १०/२२ ही या वर्गातील सर्वांत परिचित रायफल असून तिचे मूळ मॅगझिनही दहाच काडतुसांचे आहे. पुढे मोठ्या काडतुसाची ओढ लागलीच, तर साध्या लाकडी दस्त्याची रुगर मिनी-१४ किंवा आठ काडतुसांची जुनी लष्करी एम-१ गॅरंड पाहता येईल. खरेदी मात्र परवानाधारक विक्रेत्याकडूनच करावी. सुरक्षिततेची लेखी परीक्षा आणि पार्श्वभूमीची तपासणी झाल्यावरही रायफल हातात पडायला दहा दिवस थांबावे लागते. टेक्सासमध्ये राहणाऱ्या मित्राची रायफल किंवा मोठे मॅगझिन ‘काही दिवसांपुरते’ आणणे कटाक्षाने टाळावे, कारण तेथे जे कायदेशीर आहे ते कॅलिफोर्नियाची सीमा ओलांडताच गुन्हा ठरू शकते, आणि आपल्याकडच्या मुलांच्या हे ध्यानात येत नाही.

ही रायफल मुंबईला आणण्याचा विचार मनातून काढून टाकावा. त्याचे कारण पुढच्या उत्तरात येते.

प्रश्न : स्वप्निल कुसळे यांचे ऑलिंपिक पदक पाहिल्यापासून मला रायफल नेमबाजी शिकायची आहे. मुंबईत परवाना काढून सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेता येईल का? — एक वाचक, बोरिवली

उत्तर : नाही. शस्त्र नियम, २०१६ यांच्या अनुसूचीत सेमी-ऑटोमॅटिक रायफल पहिल्या श्रेणीत आहे. मुंबईचे पोलीस आयुक्त देतात तो सर्वसाधारण परवाना या श्रेणीला लागू होत नाही. ती परवानगी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत असून, अतिरेक्यांपासून जिवाला गंभीर धोका असलेल्या व्यक्तींसारख्या मोजक्या प्रकरणांतच तिचा विचार होतो. छंद किंवा खेळ हे कारण तेथे चालत नाही.

पण यात आपले काहीच अडत नाही. कुसळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस येथे ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या प्रकारात पॉइंट २२ ची एकेक काडतूस भरून चालवायची रायफल वापरतात. गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभे राहून नेम धरणाऱ्या खेळाडूला वेगाने गोळ्या झाडायच्या नसतात. दोन नेमांच्या मध्ये श्वास आणि शरीर पुन्हा जागेवर आणायचे असते.

आपण एअर रायफलपासून आरंभ करावा. ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, आणि अभिनव बिंद्रा यांचे २००८ चे सुवर्णपदक याच शस्त्राचे आहे. वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनसारख्या संस्थेचे सदस्यत्व घेऊन प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकावे. खेळाडू म्हणून स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करताना परवानाप्राप्त क्लबचे दोन वर्षांचे सक्रिय सदस्यत्व विचारात घेतले जाते, त्यामुळे सुरुवातीचा हा काळ वाया जात नाही. त्यानंतर अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे करावा. त्यासोबत शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि घरी शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते, आणि पोलीस पडताळणी होते. चाळीतील किंवा लहान सदनिकेतील अर्जदाराने भिंतीला पक्के बसवलेले कुलूपबंद कपाट आधीच करून घ्यावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांसाठी मिळतो. एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात, मात्र मान्यताप्राप्त क्लबच्या सदस्याने नेमबाजीच्या सरावासाठी वापरलेली पॉइंट २२ रायफल या मर्यादेत धरली जात नाही. परवाना हाती येण्यापूर्वी कोणत्याही विक्रेत्याला रायफलीसाठी आगाऊ रक्कम देऊ नये.