जुने कापड आधी तपासावे, मग बेतावे

जुन्या बाजारातून आणलेले दोन जाड पडदे, एक मोठी सुती चादर आणि कित्येक वर्षे कपाटात घडी करून ठेवलेले कोरे कापड एवढे तुमच्या हाताशी आहे. त्यातून अंगावरचे कपडे शिवावेत की अभ्रे आणि पडदे, आणि मागच्या खेपेला दुसऱ्या एका जुन्या पडद्यातून शिवलेला शर्ट पहिल्याच धुण्यात पाठीवर का फाटला, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच आहे.

शिवण उसवली असती तर दोष दोऱ्याचा किंवा टिपेचा ठरला असता. तुमची टीप शाबूत राहिली आणि तिच्या शेजारचे कापड फाटले, म्हणजे कापडाचाच कस गेला होता. उन्हाने धागा आतून कमजोर होतो, आणि पडद्यात हे नुकसान सगळीकडे सारखे नसते: खिडकीकडे येणाऱ्या चुण्यांवर उभे पट्टे विरतात, तर वरच्या दुमडीतले आणि खालच्या पट्टीतले कापड बऱ्याचदा जवळजवळ नव्यासारखे राहते. चादरीचे वेगळे, ती वापराने मधोमध झिजते आणि कडेला मजबूत राहते. म्हणून कापड एका कोपऱ्यात पाहून निर्णय घेऊ नये. ते खिडकीसमोर धरून हळूहळू सरकवावे, जिथे उजेड जास्त झिरपतो तिथे खडूने खूण करावी, आणि मग दोन्ही मुठींत कापड धरून, अंगठे एकमेकांना टेकवून, आधी उभ्या (कापडाच्या काठाला समांतर जाणाऱ्या) आणि नंतर आडव्या धाग्याच्या दिशेने जोराने ताणावे. बारीक तडतड ऐकू आली किंवा धागे सरकून फट दिसली, तर तेवढा भाग अंगावरच्या कपड्यासाठी बाद समजावा. जुनी घडी ज्या रेषेवर बसलेली असते तिथेही ही चाचणी करावी. कपाटातल्या कोऱ्या कापडालाही यातून सूट नाही.

पाठ, मुंढा (बाही जोडतात ती जागा), कोपर आणि पँटची बैठक या जागांना सर्वांत जास्त ताण बसतो, तेव्हा तुमच्या चादरीच्या कडेचे कापड तिथे जावे. मधला भाग खिशाच्या आतल्या पिशवीला किंवा सैल कपड्याच्या अस्तराला चालेल. अगदीच विरलेले पण सुंदर छापाचे कापड असेल तर त्याचे आकार कापून मजबूत कापडावर टिपून घ्यावेत; सजावट म्हणून ते टिकते, भार मात्र खालचे कापड पेलते. रोज बसायच्या गादीचा अभ्रा कपड्यापेक्षाही जास्त घासला जातो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. घरगुती वस्तूंना कसलेही कापड चालते हा समज मला तरी पटत नाही.

पडद्याच्या मागे प्रकाश अडवणारा लेप असेल, तर तो कपड्यासाठी घेऊ नये. त्यातून हवा खेळत नाही. कापड सुती आहे की कृत्रिम, हे कळण्यासाठी दोन-चार धागे चिमट्यात धरून धातूच्या ताटलीवर, जवळ पाणी ठेवून, जाळून पाहावेत. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख सोडतो. लोकर आणि रेशीम केस जळल्यासारखा वास देतात. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा मिसळतात, तेव्हा अशा कापडाला इस्त्री मंदच ठेवावी.

कोरे कापड बेतण्यापूर्वी धुवावेच. सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटू शकते, म्हणजे ३ मीटरला ९ ते १५ सेंटीमीटर. धुण्याआधी कापलेल्या कडांना झिगझॅग टीप मारली की दशा निघत नाहीत. गडद रंगावर ओले पांढरे फडके घासून रंग लागतो का, तेही पाहावे.

काठ कापून टाकलेला असला की उभा धागा ओळखता येत नाही, अशी तक्रार नेहमी येते. कडेचा एक धागा ओढून काढला की सरळ रेषा मिळते, आणि दोन्ही दिशांपैकी ज्या दिशेला कापड कमी ताणले जाते ती सहसा उभ्या धाग्याची असते. जुना कपडा उलगडताना मी शिवण उसवत बसत नाही, तिच्या कडेने कापते. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमी पडत असेल तरच उसवावे, कारण घट्ट विणीच्या कापडात सुईची जुनी भोके दिसत राहतात. कापड तरीही अपुरे पडले तर जोड लपवू नका. खांद्याखालची पट्टी, कॉलरची आतली बाजू किंवा बाहीची कड मुद्दाम दुसऱ्या कापडाची केली, तर तो जोड बेतातलाच वाटतो. मात्र दोन्ही कापडे जाडीला सारखी आणि दोन्ही आधी धुतलेली हवीत.

तुमच्या पडद्यांचे जे भाग ताणाच्या चाचणीत टिकतील, त्यांचे सोफ्यावरच्या उशांचे अभ्रे करा. ४५ सेंटीमीटरच्या उशीला माया (शिवणीत जाणारे जादा कापड) धरूनच ४५ सेंटीमीटर कापड बेतले, की तयार अभ्रा जरा आखूड होतो आणि उशी भरलेली दिसते. जाड थरांसाठी १०० नंबरची नवी सुई लावा, चादरीच्या शर्टासाठी ८०. कापडाबरोबर मिळालेली जुनी रिळे असतील तर दोरा हाताने तोडून पाहा. सहज तुटत असेल तर तो कच्च्या टाक्यांनाच वापरा.